पाहुणे वर येईपर्यंत

"जावईबापू, आता दोर ओलांडायचा नाही," आत्याबाई म्हणाल्या, आणि लग्नांचे रजिस्ट्रार एक पाय हवेत धरून जागच्या जागी थांबले.

हातात डबा, खांद्याला पिशवी, खिशात ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या. निघायला आधीच उशीर झालेला. आणि उंबरठ्यावर बरोबर मधोमध मातीचा भलाथोरला डेरा. डेऱ्यात रवी, रवीला दोन फास, आणि ते फास बाहेरच्या, अर्धवट सरकवलेल्या लोखंडी दाराच्या गजाला करकचून बांधलेले. आतल्या अंगाला पाटावर आत्याबाई बसलेल्या, दोराची दोन्ही टोकं दोन्ही हातांत. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला चपलांचं कपाट. या सगळ्यातून बाहेर पडायला मांजर असायला हवं होतं, आणि रजिस्ट्रारांचा कमरेचा पट्टा गेल्याच महिन्यात शेवटच्या भोकावर आला होता.

"आत्याबाई, हे इथं कशाला मांडलंत? स्वयंपाकघर आहे की."

"स्वयंपाकघरात खांब कुठाय? सगळं घर पालथं घातलं मी. भिंती आहेत, फरशा आहेत, खांब म्हणून नाही. रवी काय फ्रीजला बांधू?"

"मग एक मिनिट फास सोडा. मी पटकन जातो."

"बांधलेली रवी मध्येच सोडली की घरातली बरकत जाते. आता ते आल्यावरच."

"कोण आल्यावर?"

आत्याबाईंनी दोर थांबवला आणि आवाज खाली आणला. "घुसळताना त्याचं नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की ते रुसून तळाशी बसतं. पाहुणे म्हणायचं. पाहुणे आले की मग खुशाल जा."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. किंबहुना वाद घालायला बंदीच होती. रजिस्ट्रारांची बायको रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिची सकाळची पाळी असे. पहाटे निघताना तिनं झोपलेल्या नवऱ्याला हलवून उठवलं होतं आणि सांगितलं होतं, "आत्या म्हणेल ते करा. ती रागावून परत गेली ना, तर मीही तिच्या मागोमाग जाईन. डबा टेबलावर आहे."

या आत्यानंच तिला लहानाचं मोठं केलेलं. आणि भाचीचं लग्न झाल्याचं तिला कळलं ते शेजारणीकडून. त्या काळी रजिस्ट्रार त्याच ऑफिसात कारकून होते. दोघांनी दुपारच्या सुट्टीत लग्न उरकलं होतं आणि सुट्टी संपायच्या आत ते पुन्हा टेबलावर येऊन बसले होते. तेव्हापासून आत्याबाईंनी अबोला धरला. वर्षांमागून वर्षं गेली. आणि परवा अचानक, काही न कळवता, कापडात गुंडाळलेला डेरा कडेवर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. "भाचीच्या घरात एकदा तरी माझ्या हातानं घुसळायचं होतं," एवढंच बोलल्या. बायको रडली. रजिस्ट्रारांनी डेरा उतरवून घेतला. फ्रीजमध्ये पंधरवड्याची साय विरजून ठेवलेलीच होती.

म्हणून आता रजिस्ट्रारांनी हवेतला पाय मागे घेतला आणि डबा चपलांच्या कपाटावर ठेवला.

"नुसते उभे काय राहताय? घरात आहात तर हात लावा. जो कुणी असेल त्यानं हात लावायचा, आणि तोंड हसरं ठेवायचं. कपाळाला आठ्या घालून ओढलं तर पाहुणे आंबट येतात."

रजिस्ट्रार हसऱ्या तोंडानं ओढू लागले. डेऱ्यातून घर्र घर्र असा आवाज येत होता. पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

खिशातला फोन वाजला. ऑफिसचा शिपाई होता. हा माणूस कामाला चोख, पण बातमी पोटात ठेवणं त्याला जमत नसे.

"साहेब, निघालात ना? सकाळचं जोडपं येऊन बसलंय. कपाट बंद, शिक्के आत, सगळं आत."

"निघालोच होतो. पण निघता येत नाहीये. घरात लो..."

आत्याबाईंनी मान वर केली.

"पाहुणे यायचेत," रजिस्ट्रार घाईघाईनं म्हणाले.

"पाहुणे? कोण हो?"

"नाव घेता येत नाही."

शिपायाचा आवाज एकदम दबका झाला. "बरं, बरं. मोठे आहेत का?"

रजिस्ट्रारांनी डेऱ्यात डोकावून पाहिलं. "ते आल्यावरच कळेल."

"आत्ता कुठवर आलेत?"

"अजून तळाशी आहेत. हळूहळू वर येतील."

"आणि तोवर तुम्हाला थांबणं भाग आहे."

"मलाच काय, सगळ्यांनाच. ते आल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही."

"बापरे! म्हणजे बंदोबस्तच आहे की," शिपाई म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका साहेब. इकडचं मी बघतो."

हे शेवटचं वाक्य ऐकून रजिस्ट्रारांना बरं वाटलं. वाटायला नको होतं.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि शिपाई स्वतःच दारात उभा राहिला. त्यानं केस नीट विंचरलेले होते आणि गणवेशाचं एरवी उघडं असणारं वरचं बटण लावलेलं होतं. गजांमधून त्यानं आत नजर फिरवली.

"किल्ल्या न्यायला आलोय," तो म्हणाला. "कारकूनबाई म्हणाल्या, निदान कपाट तरी उघडून ठेवू."

रजिस्ट्रारांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशात हात घातला.

"किल्ल्या कसल्या आहेत?" आत्याबाईंनी विचारलं.

"कपाटाच्या."

"ते नाही हो. लोखंडी आहेत का?"

"लोखंडीच असणार."

"मग नाही. घुसळण चालू असताना घरातलं लोखंड बाहेर जाऊ द्यायचं नसतं. तुम्ही आत या."

"पण मला तर..."

"येणाऱ्याला वाट द्यायची. जाणाऱ्याला नाही." आत्याबाईंनी स्वतः उठून डेरा वीतभर सरकवला, शिपायाचं मनगट धरून त्याला आत ओढलं, डेरा परत जागेवर आणला आणि त्याच्या हातात दोर दिला. "हसा."

शिपाई हसला. दहा-वीस वेळा दोर ओढून झाल्यावर तो रजिस्ट्रारांच्या कानाशी लागला. "साहेब, पाहुणे कुठून येणार आहेत? मागच्या जिन्यानं?"

रजिस्ट्रारांनी नुसतं डेऱ्याकडे बोट दाखवलं.

शिपायानं डेऱ्याकडे पाहिलं. रवीकडे पाहिलं. हातातल्या दोराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जाग्यावर राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"म्हणजे पाहुणे म्हणजे... हे?"

"श्श! नाव नको."

"साहेब, घोटाळा झाला. मी मोठ्या साहेबांना घरी फोन करून सांगून आलोय."

"काय सांगून आलायस?"

"हेच. की तुमच्या घरी फार मोठं कुणीतरी येतंय. नाव गुप्त आहे. अगदी तळापासून वर आलेलं माणूस आहे."

रजिस्ट्रार हसायचं विसरले. मोठे साहेब ऑफिसच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत. स्वतः जेवणाच्या वेळेला उगवत आणि इतरांच्या उशिरावर करडी नजर ठेवत. "रजिस्ट्रार, एकदा तावडीत सापडा," असं ते हसत हसत म्हणत, आणि त्यांचं ते हसणं कुणालाच आवडत नसे.

"मग? काय म्हणाले ते?"

"काही म्हणाले नाहीत. गाडी काढायला सांगितली आणि फुलं आणायला गेले."

मोठे साहेब फुलं निवडत होते तोवर जोडपंच येऊन पोचलं. शिपाई किल्ल्या घेऊन परत येईना, म्हणून नवरीच्या मामांनी त्याला फोन लावला होता, आणि यानं सरळ "इकडंच या" म्हणून पत्ता सांगून टाकला होता. मामा शिंपी होते. नवरीचे कपडे त्यांनीच शिवले होते आणि नवऱ्याचा करड्या रंगाचा कोटही. जिना चढताना ते नवऱ्याच्या मागून येत होते ते केवळ पाठीवर कोट कसा बसतो हे पाहायला.

"अहो रजिस्ट्रार," मामा गजांमधून ओरडले, "ह्याची दुपारची गाडी आहे! उद्या सकाळी नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. लग्नाचा दाखला दाखवला तरच तिथं दोघांना खोली मिळणार. नाहीतर हा वसतिगृहात आणि ही आमच्या दुकानात, बटणं लावत!"

"तुम्ही आत येऊ नका," रजिस्ट्रार कळवळून म्हणाले. "मी सांगतो, तिथंच उभे राहा. आत मात्र..."

पण आत्याबाई आधीच उठल्या होत्या. नवरीकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई, लग्नाची मुलगी! अशीच माणसं यावी लागतात घुसळताना. या, या." डेरा सरकला, तिघं आत आले, डेरा जागेवर आला.

दिवाणखाना तसा बेताचाच. मामा सोफ्यावर बसले. शिपाई सोफ्याच्या हातावर टेकला. नवरा-नवरीच्या हातात आत्याबाईंनी दोराचं एकेक टोक दिलं आणि त्या स्वतः पाटावर बसून रवी सांभाळू लागल्या.

आता दोर ओढणं हे दिसायला सोपं काम आहे. पण नवऱ्याला आपली ताकद दाखवायची होती आणि नवरीला घाई होती. त्यानं ओढलं, तेव्हा तिनंही ओढलं. रवी मध्येच अडकली, मग सुटली, आणि डेऱ्यातला आंबट शिंतोडा उडून थेट नव्या कोटावर बसला.

"माझा कोट!" मामा उभे राहिले.

"तू सोडत का नाहीस?" नवरा म्हणाला.

"तू ओढतोस म्हणून!"

"मी ओढणारच. माझी पाळी होती."

"पाळी कुणी ठरवली? परवा सोफ्याच्या दुकानात पण असंच. मी निळा म्हणतेय, आणि तू आपला पैसे भरून मोकळा."

"तो निळा नव्हता, जांभळा होता!"

यावर दोघांनी एकदमच असा काही हिसका दिला, की नवऱ्याच्या काखेत चर्र असा लांबलचक आवाज झाला. मामांनी डोळे मिटले. स्वतःच्या खिशातून सुई-दोरा काढायला त्यांचा हात आपोआप गेला, पण आत्याबाईंनी तिथूनच बजावलं, "घुसळताना टाका घालायचा नाही. पाहुणे आतल्या आत शिवले जातात."

नवरीनं दोर खाली टाकला. "मला नाही करायचं."

"काय नाही करायचं? हे, की ते?" नवऱ्यानं विचारलं.

नवरी दाराकडे पाहू लागली. लग्न लावायला आलेली जोडपी ऑफिसच्या जिन्यावरून भांडून परत गेलेली रजिस्ट्रारांनी पाहिली होती. त्या वेळी ते खिडकी बंद करून चहा मागवत. पण ही जोडी त्यांच्या घरात, त्यांच्या उंबरठ्यावर, त्यांच्यामुळे अडकलेली होती.

"उचल गं तो दोर," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. "आणि तू रे, तू आधी सैल सोड. ती ओढेल. मग ती सोडेल, तू ओढ. तोंडानं मोजायचं नाही. हाताला कळतं."

तिनं ओढलं. त्यानं सोडलं. मग त्यानं ओढलं. कोटाची बाही लोंबत होती, त्यामुळे तो एक कोपर अंगाशी दाबून धरत होता, आणि ते पाहून नवरीला मध्येच हसू फुटलं. रवी फिरू लागली. घर्र घर्र असा एकसारखा आवाज यायला लागला आणि मामा परत सोफ्यावर टेकले.

आवाज छान येत होता. पाहुणे तेवढे येत नव्हते. दोघं दमले, शिपाई बसला. शिपाई दमला, मामा बसले. मामांनी दोर सुद्धा माप घेतल्यासारखा ताणून धरला. आत्याबाई अधूनमधून झाकण उचलून आत पाहत आणि मग खोलीतल्या प्रत्येकाकडे एकदा संशयानं पाहत. "कुणीतरी मनातल्या मनात नाव घेतंय," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात दुसरं काहीच घेत नव्हता.

पाणी प्यायच्या निमित्तानं नवरी स्वयंपाकघरात आली. रजिस्ट्रार तिथं ओट्याशी डोकं धरून उभे होते.

"काका, विरजण फ्रीजमध्ये होतं का हो?"

"हो. का?"

"गारठलंय ते. माझी आजी असं झालं की कोमट पाणी घालते. लगेच येतं."

"आत्याबाईंना सांग की मग."

"सांगितलं मघाशी. म्हणाल्या, पाणी घालून पाहुण्यांना हाकलून आणायचं नसतं, ते आपणहून यायला हवेत."

दोघांनी एकाच वेळी शेगडीकडे पाहिलं. सकाळच्या चहासाठी उकळलेलं पाणी पातेल्यात उरलं होतं. रजिस्ट्रारांनी बोट बुडवून पाहिलं. कोमट होतं.

"तुम्ही घाला. मी आडवी उभी राहते," नवरी म्हणाली.

आडवं उभं राहायची वेळ लगेचच आली, कारण खाली गाडीचं दार वाजलं आणि पाठोपाठ जिन्यावर बुटांचा आवाज आला. मोठे साहेब. दोन्ही हातांत मावणार नाही एवढा फुलांचा गुच्छ, आणि गुच्छाच्या वर नुसते डोळे. दाराशी येऊन त्यांनी आतलं दृश्य पाहिलं. आपला शिपाई जमिनीवर बसून दोर ओढतोय. सोफ्यावर फाटक्या कोटातला एक तरुण ताठ बसलाय. आणि या सगळ्यांच्या मध्ये पाटावर एक वयस्कर बाई, पाठ सरळ, नजर थेट त्यांच्यावर.

मोठ्या साहेबांनी आयुष्यात बरेच वरिष्ठ पाहिले होते. वरिष्ठ ओळखायचा त्यांचा एक ठोकताळा होता: जो माणूस आपल्याला पाहून उठत नाही, तो वरिष्ठ. आत्याबाई उठल्या नाहीत.

"नमस्कार," मोठे साहेब वाकले. "आपण आधीच पोचलात! मला कळायला जरा उशीर झाला."

"उशीर झालाच आहे," आत्याबाई म्हणाल्या.

मोठ्या साहेबांच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब ओघळला. "क्षमा असावी. आपल्याबद्दल फार ऐकलं. तळापासून वर येणं म्हणजे काही सोपं नाही."

"सोपं कसलं! जीव जातो," आत्याबाई म्हणाल्या. "ती फुलं बाजूला ठेवा आणि आत या. आधी हात लावा."

डेरा सरकला. रजिस्ट्रार स्वयंपाकघराच्या दारातून पुढे झाले. घोटाळा इथंच मिटवलेला बरा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. "साहेब, एक सांगायचं होतं. या माझ्या आतेसासूबाई."

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य होतं, थोडी भीती होती आणि बराचसा आदर होता. "नात्यातल्या? आणि इतकी वर्षं तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत! कमाल आहे हो तुमची."

"नाही, तसं नाही साहेब, त्या साध्या..."

"साधेपणा तर दिसतोच आहे," मोठे साहेब म्हणाले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी टाय मागे टाकला, दोर हातात घेतला आणि न सांगता हसले. वरिष्ठांसमोर हसरं तोंड ठेवायची त्यांना सवयच होती.

"गुच्छ कुठं ठेवू, आजी? पाणी लागेल ना याला?" नवरीनं विचारलं आणि तो अवाढव्य गुच्छ घेऊन ती बरोबर आत्याबाई आणि डेरा यांच्या मधोमध उभी राहिली. आत्याबाई वाकून वाकून "अगं, सरक, सरक" म्हणत होत्या. त्या तेवढ्या वेळात रजिस्ट्रारांनी पातेलं आणलं, झाकण उचललं आणि धार धरली. मोठे साहेब ओढता ओढता त्यांच्याकडे पाहत होते. रजिस्ट्रारांनी ओठांवर बोट ठेवलं. मोठ्या साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. गुप्त गोष्टींत आपल्याला सामील करून घेतल्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

नवरी बाजूला झाली. थोडा वेळ तसाच आवाज येत राहिला. मग तो बदलला, जड झाला, आणि रवी जणू कशात तरी रुतायला लागली. आत्याबाईंनी हात वर केला. सगळे थांबले. त्यांनी झाकण काढलं, आत हात घातला आणि ओरडल्या:

"आले! पाहुणे आले!"

मोठे साहेब धडपडत उभे राहिले आणि दाराकडे तोंड करून त्यांनी टाय सरळ केला. दारात कुणीच नव्हतं. ते वळले तेव्हा आत्याबाई त्यांच्या तळहातावर पांढराशुभ्र, टपटप गळणारा गोळा ठेवत होत्या.

"हे बघा पाहुणे. तुमच्या हातगुणानं आले. इतकी माणसं झाली, पण तुमचा हात लागला आणि आले."

शिपाई सोफ्याच्या मागे जायला जागा शोधत होता. मोठे साहेब तळहाताकडे पाहत राहिले.

"वा," ते अखेर म्हणाले. "वा! म्हणजे श्रमाचं फळ हाच खरा पाहुणा. केवढा मोठा विचार! आणि आम्ही आपले गुच्छ घेऊन धावतो." मग ते रजिस्ट्रारांकडे वळून हळूच म्हणाले, "माझ्या हातानं आले म्हणाल्या. तुम्ही ऐकलंत ना?"

यानंतर सगळी वरात मोठ्या साहेबांच्या गाडीतून ऑफिसात गेली. आत्याबाई पुढच्या सीटवर, मांडीवर लोण्याचं भांडं. आता नाव घ्यायला हरकत नव्हती, म्हणून शिपाई वाटेत उगाचच दोन-तीनदा "लोणी, लोणी" म्हणाला. कपाट उघडलं, शिक्के निघाले, आणि नेमका एक साक्षीदार कमी पडला. नवऱ्याचा खोलीतला सोबती सकाळपासून ताटकळून कामावर निघून गेला होता.

"बाईसाहेब असताना साक्षीदार काय शोधताय?" मोठे साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

आत्याबाईंनी आधी सगळा कागद वाचला. ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द न सोडता. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "सोफा निळा घेशील?" तो म्हणाला, "घेतो." नवरीला विचारलं, "हा घोरत असेल तर?" ती म्हणाली, "कोपरानं ढोसेन." "मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी सही केली. मामांनी सही केली आणि लगेच सुई ओवली. नवरीला गुच्छ मिळाला, नवऱ्याला बाही मिळाली, आणि दोघं दाखला घेऊन गाडी गाठायला धावत सुटली.

आत्याबाई खुर्चीतच बसून होत्या. "एवढंच असतं?"

"एवढंच," रजिस्ट्रार म्हणाले.

"तुमचंही असंच झालं?"

"हो. याच टेबलावर."

"काय घातलं होतं तिनं?"

रजिस्ट्रारांनी आठवून पाहिलं. "हिरवं काहीतरी."

"काहीतरी?" आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदरानं भांड्याची कड पुसत म्हणाल्या, "मला बोलावलं असतं ना जावईबापू, तर मला आठवलं असतं. एवढ्याशासाठी मी रात्रभर उभ्यानं आले असते."

रजिस्ट्रारांनी हातातला शिक्का खाली ठेवला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं आमचं." आत्याबाईंनी मान हलवली, आणि तेवढ्यात दारात दुसरं जोडपं येऊन उभं राहिलं. ते घाबरलेलं होतं आणि त्यांच्याबरोबर एकच साक्षीदार होता.

आत्याबाईंनी भांडं टेबलावर ठेवलं. "या, बसा. कागद आणा इकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्रार डबा घेऊन दाराशी आले तेव्हा उंबरठा मोकळा होता. आत्याबाई चपला घालून, छत्री घेऊन जिन्यात उभ्या होत्या. "चला, किती वेळ? जोडपी ताटकळत असतील."

दोन दिवसांसाठी आलेल्या आत्याबाईंचा महिना कसा गेला ते कळलंच नाही. साक्षीदार कमी पडला की लोक त्यांनाच विचारू लागले. पुढे पुढे दोन्ही साक्षीदार बरोबर असूनही विचारू लागले. ऑफिसची तर कळाच बदलली. मोठे साहेब दार उघडायच्या आधी हजर राहू लागले. वरून गुपचूप पाहणी चालू आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. रजिस्ट्रारांनी पुन्हा दोनदा खरं सांगून पाहिलं. दोन्ही वेळा मोठ्या साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "तुमची अडचण मी समजू शकतो," असं म्हणून डोळा मिचकावला. आत्याबाई मात्र रोज एक मजला चढून त्यांच्या दारातून आत डोकावून विचारत, "आलात का?" एवढं ऐकलं की साहेबांचा दुपारपर्यंत कशावरच हात चालत नसे.

एका संध्याकाळी बायकोनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत्या आल्याचा तिला आनंदच होता, पण कपाटाचा अर्धा भाग तिला परत हवा होता.

"अहो, हळूच एक विचारू? जायचं काही बोलणं झालं का?"

"बोलणं झालंय. पुढच्या आठवड्यात जाणार म्हणे."

"आत्या?"

"नाही गं. मोठे साहेब. बदली मागून घेतली त्यांनी. म्हणाले, तब्येतीला झेपत नाही."

बाहेरून आत्याबाईंचा खणखणीत आवाज आला. "जावईबापू, नवीन साहेब कोण येणार ते विचारून ठेवा. आणि त्यांना म्हणावं, पहिल्या दिवसापासून वेळेवर या. मला उगाच रोज रोज आत डोकवायला लावू नका."